सिमवाल्यांचे प्रश्न: डोंगरातली धावपट्टी आणि तिच्या खालची जमीन

सिम म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा फ्लाइट सिम्युलेटर, आणि सीनरी म्हणजे त्यात वरून टाकायचं (अ‍ॅडऑन) एखाद्या जागेचं दृश्य. या वेळी डोंगरातल्या छोट्या धावपट्ट्यांच्या सीनरीवर इतके प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत. वेगवेगळे सिम, वेगवेगळ्या तक्रारी, पण उत्तरं लिहायला बसलो तर गाडी सारखी एकाच जागी येत होती, की धावपट्टीच्या फाइली ठीक असतात, लफडं असतं ते खालच्या जमिनीचं. सपाट प्रदेशात जमीन दोन मीटर वरखाली झाली तर कुणाला पत्ता लागत नाही, डोंगरात तेवढ्यावर चाकं तुटतात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न: नेपाळमधल्या लुक्लाची एक फुकट सीनरी डाउनलोड केली, अ‍ॅडऑनांच्या कम्युनिटी फोल्डरमध्ये टाकली, सिम बंद करून परत चालू केला, तरी काही बदल नाही. मायक्रोसॉफ्टचा २०२० वाला सिम आहे. लुक्ला दिसतंय, पण फोटोत दाखवलंय तसं अजिबात नाही. सीनरीच खराब आहे का?

उत्तर: सीनरी खराब नाही, ती लोडच झालेली नाहीये. तुम्हाला दिसतंय ते सिमबरोबर आलेलं लुक्ला. २०२० मध्ये काही विमानतळ आधीच हाताने बनवून दिलेत, त्यात लुक्ला आहे, भूतानचं पारो आहे, फ्रान्समधलं कुर्शव्हेल आहे, इंडोनेशियाच्या पापुआतलं बुगालागा पण आहे. त्यामुळे होतं काय की अ‍ॅडऑन लोड झालं नाही तरी तिथे उघडा डोंगर दिसत नाही, बऱ्यापैकी सजलेलं विमानतळ दिसतं आणि आपण उगाच बनवणाऱ्याला शिव्या घालतो.

आता लोड का झालं नाही. बहुतेक वेळा फोल्डरात फोल्डर हेच कारण असतं. झिप एक्स्ट्रॅक्ट केली की विंडोज झिपच्या नावाने एक फोल्डर बनवतं आणि खरा फोल्डर त्याच्या पोटात जातो, आपण बाहेरचा उचलून कम्युनिटीत टाकतो. सिम कम्युनिटीच्या आत एकच पायरी खाली बघतो. तिथे त्याला मॅनिफेस्ट.जेसॉन आणि लेआउट.जेसॉन या दोन फाइली सापडल्या तर ठीक, नाहीतर तो काही न बोलता पुढे जातो, एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. म्हणून टाकलेला फोल्डर एकदा उघडून बघा, उघडल्या उघडल्या या दोन फाइली दिसल्या पाहिजेत. आत अजून एकच फोल्डर दिसला तर तो आतला बाहेर काढा, काम झालं. आणि हो, लेआउट.जेसॉनमध्ये पॅकेजातल्या सगळ्या फाइलींची यादी असते, तुम्ही हौसेने एखादी जास्तीची टेक्स्चर (पृष्ठभागाच्या चित्राची) फाइल आत टाकली आणि ती यादीत नसेल तर सिमच्या लेखी ती नाहीच.

कम्युनिटी फोल्डर बरोबर आहे ना, हे पण बघा. सिम इन्स्टॉल करताना पॅकेजेस दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवली असतील तर जुन्या जागी एखादा रिकामा कम्युनिटी फोल्डर पडलेला असू शकतो आणि लोक इमानेइतबारे त्यातच सगळं टाकत बसतात. युजरसीएफजी.ऑप्ट नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडा, शेवटी इन्स्टॉल्ड पॅकेजेस पाथ अशी ओळ असते, तिथे खरा पत्ता मिळतो. स्टोअरवाल्या सिमचा पत्ता मुळातच लांबलचक असतो, त्यात काही सीनरीवाले फोल्डरांना हातभर नावं देतात आणि विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा ओलांडली जाते, मग अर्ध्या फाइली कॉपीच होत नाहीत. अशा वेळी पॅकेजेससाठी ड्राइव्हच्या मुळाशी छोट्या नावाचा फोल्डर बरा. नाहीतर अ‍ॅडऑन्स लिंकर नावाचं फुकट टूल आहे, ते सीनरी कुठेही ठेवून कम्युनिटीत फक्त लिंक बनवतं. अ‍ॅडऑनांची संख्या वाढली की तसंही ते लागतंच.

एवढं करून नवीन लुक्ला आलं पण जुन्याचे तुकडे मधे मधे डोकावतायत असं झालं, तर कंटेंट मॅनेजरमध्ये जाऊन सिमबरोबर आलेलं लुक्ला काढता येतं. पण आधी सीनरीबरोबरची रीडमी वाचा. काही जणांनी जुनं झाकायची सोय पॅकेजमध्येच केलेली असते, काहींना उलट जुनं तिथे असावंच लागतं.

प्रश्न: पापुआतल्या डोंगराळ धावपट्ट्यांचं एक पॅक टाकलंय. नकाशात कोड टाकून शोधतो, एकही सापडत नाही.

उत्तर: या पट्ट्यांपैकी कितीतरींना चार अक्षरी अधिकृत कोडच नाही. मग सीनरी बनवणारा आपल्या मनाने एक कोड ठरवतो, दुसरा बनवणारा त्याच पट्टीला दुसरा ठरवतो. तुम्ही इंटरनेटवरून घेतलेला कोड तिसराच असणार. पॅकबरोबर यादी असते ती बघा, नसेल तर गावाच्या नावाने शोधा, तेही नाही जमलं तर २०२० च्या नकाशात सर्चच्या खान्यात सरळ अक्षांश-रेखांश टाका आणि झूम करत जा.

याच कोडच्या गोंधळातून एक विनोदी प्रकार होतो. एकाच जागेची दोन वेगवेगळी पॅक टाकली आणि कोड वेगळे असले, तर सिमला ते दोन वेगळे विमानतळ वाटतात आणि तो दोन्ही मांडतो. एक धावपट्टी दुसरीच्या पोटातून तिरकी बाहेर आलेली, झोपड्यांवर झोपड्या. असं दिसलं की दुरुस्त करत बसू नका, एक पॅक काढा.

प्रश्न: एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये नेपाळची सीनरी टाकली. धावपट्टी दिसते पण मधेच खड्डा आहे, टर्मिनलची एक बाजू हवेत आणि दुसरी जमिनीत. पूर्वी ऑर्थो टाइल (जमिनीवर वरून काढलेला फोटो चढवलेला चौकोन) बनवलेली आहे. शिवाय सिम सुरू होताना सीनरीत प्रॉब्लेम असल्याचा मेसेज येतो.

उत्तर: यात दोन वेगळे प्रश्न आहेत. मेसेजचा सोपा, तो आधी उरकू. एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्ये लॉग.टीएक्सटी असते, ती उघडून सीनरीचं नाव शोधा, कुठली वस्तू सापडली नाही ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक फुकट सीनरी झाडं, गाड्या, पिंपं, कुंपणं असल्या वस्तू सामायिक लायब्ररींमधून घेतात, ओपनसीनरीएक्स, मिस्टरएक्स लायब्ररी वगैरे. न सापडलेल्या वस्तूच्या नावाच्या सुरुवातीलाच बहुतेक वेळा लायब्ररी ओळखू येते. ती उतरवा, कस्टम सीनरीत टाका, मेसेज गेला.

आता खड्डा. एक्स-प्लेनमध्ये जमीन एक अंश बाय एक अंशाच्या चौकोनात कापलेली असते, दर चौकोनाची एक डीएसएफ फाइल. लुक्ला साधारण २७ अंश ४१ मिनिटं उत्तर, ८६ अंश ४४ मिनिटं पूर्व इथे आहे, म्हणजे त्याची जमीन +२७+०८६ या फाइलीत. एका चौकोनात जमीन एकच असू शकते, जी यादीत वर असेल ती जिंकते आणि खालची गेली. धावपट्ट्या, इमारती, झाडं यांचे थर एकावर एक चढू शकतात, जमिनीचे नाही. सगळं दुखणं इथे आहे. बनवणाऱ्याने टर्मिनल मांडलं ते त्याच्या कॉम्प्युटरवरच्या जमिनीवर, आणि तुम्ही ते ठेवलंत तुमच्या ऑर्थो टाइलच्या जमिनीवर. वस्तूची उंची तिच्या एका मूळ बिंदूखालच्या जमिनीवरून ठरते, त्या बिंदूपाशी ती टेकते आणि बाकीचा भाग नशिबावर. उतार जितका तीव्र तितकी इमारत वाकडीतिकडी. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि उतार ११.७ टक्के, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ६० मीटरचा चढ. इथे जमिनीचे नमुने थोडे जरी इकडेतिकडे झाले तरी खड्डा पडणारच.

करायचं काय, तर कस्टम सीनरी फोल्डरमधली सीनरी_पॅक्स.आयएनआय उघडा. वर विमानतळ, मग ग्लोबल एअरपोर्ट्सची ओळ, मग लायब्ररी, मग ओव्हरले (जमिनीवर चढणारे रस्ते, झाडं वगैरे), सगळ्यात तळाला ऑर्थो आणि मेश (जमिनीचा आकार), असा क्रम हवा. ही फाइल डिलीट केली तर सिम नवीन बनवतो, पण नवीन बनवताना एबीसीडीने लावतो, म्हणून तर ऑर्थोवाले फोल्डरच्या नावाआधी झेड आणि ओव्हरलेवाले वाय लावतात, की ते आपोआप तळाला जावेत. आता तुमच्या सीनरीने स्वतःची जमीन दिली आहे का ते बघा, म्हणजे पॅकमध्ये मेश नावाचा वेगळा फोल्डर आहे का. असेल तर तो तुमच्या ऑर्थो टाइलच्या वर आला पाहिजे. खड्डा जाईल, पण त्या चौकोनातलं तुमचं ऑर्थोचं चित्र पण जाईल, दोन्ही एकदम मिळणार नाही. चित्र हवंच असेल तर ऑर्थो४एक्सपी या ऑर्थो टाइल बनवायच्या टूलमध्ये ती टाइल परत बनवा, टाइल बनवताना ते टूल विमानतळाच्या सीमेतली जमीन गुळगुळीत करून घेतं. गुळगुळीत किती करायची त्याचं सेटिंग आहे, लुक्लासारख्या ठिकाणी ते जपून वापरा, नाहीतर उतारच पुसला जातो.

आणि कुणीतरी सांगेल की विमानतळाच्या फाइलीत कायम सपाट करायचा फ्लॅग लाव, सगळं ठीक होईल. नका ऐकू. सपाट प्रदेशात तो उपाय चालतो. इथे लावलात तर डोंगराच्या कुशीत टेबल ठेवल्यासारखा चबुतरा तयार होईल, एका बाजूला ६० मीटरची भिंत. खड्डा परवडला.

प्रश्न: दादा, मी दहावीत आहे. २०२० मध्ये आयडाहोच्या जंगलातल्या धावपट्ट्या टाकल्यात. जॉन्सन क्रीकला बरोबर मधोमध झाडं उगवलीत! कशी तोडू?

उत्तर: तोडायला नको, आधी कॅशे साफ कर. सेटिंगमध्ये डेटाच्या पानावर रोलिंग कॅशे आहे, ती डिलीट करून परत बनव. सिमने आधी उतरवून ठेवलेलं जुनं दृश्य तिथून दाखवलं जात असेल तर तेवढ्यानेच काम होतं. तरी राहिली तर मग दुसरं कारण. या सिममधली जंगलं कुणी हाताने लावलेली नाहीत, उपग्रहाच्या फोटोवरून कॉम्प्युटरनेच अंदाज करून झाडं उभी केलीत, आणि गवताची धावपट्टी वरून बघितली तर झाडांमधली हिरवी पट्टीच दिसते. इथे झाडं नकोत असं सीनरी बनवणाऱ्याने एक सीमा आखून सिमला सांगायचं असतं. त्याची सीमा कमी पडली, किंवा त्याच भागातलं झाडांचं दुसरं एखादं अ‍ॅडऑन तू टाकलंयस, दोनपैकी एक. झाडांचं अ‍ॅडऑन काढून बघ आधी. जॉन्सन क्रीक चांगली निवड आहे बरं का, ३,४०० फूट गवत, शिकायला पुष्कळ जागा.

प्रश्न: मी निवृत्त आहे, कॉम्प्युटर जुना आहे, त्यावर अजून एफएसएक्सच (मायक्रोसॉफ्टचा जुना सिम) चालवतो. कुर्शव्हेलचा उतार फोटोत इतका दिसतो, माझ्याकडे मात्र धावपट्टी सपाट. अ‍ॅडऑन टाकायला गेलो तर फोल्डर निवडून ओके दाबलं की काहीच होत नाही.

उत्तर: काका, ओकेचं आधी सांगतो कारण त्याने भल्याभल्यांना रडवलंय. सीनरी लायब्ररीत अ‍ॅड एरिया करताना फोल्डर निवडायचा, ओके दाबायचं, आणि खिडकीने काहीच दाद दिली नाही तर त्याच खिडकीतल्या रिकाम्या पांढऱ्या जागेवर एक क्लिक करायची. लगेच नाव विचारतो. नवीन विंडोजवर एफएसएक्सची ही जुनी खोड आहे. फोल्डर निवडताना पण सीनरी नावाचा आतला नाही, ज्याच्या पोटात सीनरी आणि टेक्स्चर असे दोन फोल्डर आहेत तो बाहेरचा निवडा, नाहीतर इमारती येतात पण रंगाविना. आणि लायब्ररीच्या यादीत नवीन एरिया वर राहू द्या.

उताराचं असं आहे की २००६ च्या या सिममध्ये विमानतळाला एकच उंची असते, अख्खा विमानतळ त्या उंचीवर सपाट. सिमची रचनाच तशी आहे, सेटिंग कितीही बदला, उतार येणार नाही. कुर्शव्हेलची पट्टी ५३७ मीटर आणि सगळ्यात चढ्या भागात उतार १८.५ टक्के, आता हे सपाट उंचीत कसं बसवणार? मग अ‍ॅडऑनवाल्यांनी शक्कल काढली, सिमची खरी धावपट्टी नजरेआड करायची आणि वर उताराचा एक मोठा थ्रीडी आकार ठेवायचा, ज्याचा पृष्ठभाग विमानाची चाकं पेलेल इतका टणक केलेला असतो. तुम्ही उतरता ते त्या आकारावर, जमिनीवर नाहीच. म्हणून अशा सीनरीबरोबर मेश कॉम्प्लेक्सिटी आणि मेश रेझोल्यूशन किती ठेवायचं ते लिहिलेलं असतं. तेवढंच ठेवा, कमी ठेवलंत की डोंगर बुटका होतो आणि पट्टी हवेत लटकते. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) आणि सिमची बाकीची विमानं मात्र जुन्या सपाट पट्टीच्याच हिशोबाने चालतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न: सीनरी झकास बसली. पण लुक्लाला ट्विन ऑटर (दोन इंजिनांचं छोटं विमान) घेऊन गेलो की दर वेळी पट्टीच्या अलीकडेच डोंगरावर आपटतो. एकदोनदा उतरलो तर अर्ध्या चढावर थांबलो आणि मागे घसरलो. जॉयस्टिक बदलू का?

उत्तर: जॉयस्टिक कशाला बदलता, तिचा काही दोष नाही. इथे पण जमीनच फसवतेय.

उतार ११.७ टक्के म्हणजे कोनात जवळजवळ पावणेसात अंश. तुम्ही नेहमीच्या तीन अंशांच्या वाटेने येत असाल तर समोरची चढती पट्टी आणि तुमची वाट यांच्यातला कोन पावणेदहाच्या आसपास होतो. आयुष्यभर सपाट पट्ट्या बघितलेल्या डोळ्यांना वाटतं की आपण फार उंच आहोत. हात आपोआप नाक खाली करतो, पॉवर कमी करतो, आणि पट्टीच्या आधीच्या कड्यावर कार्यक्रम संपतो. खऱ्या वैमानिकांना पण हा भ्रम होतो, त्यांच्या प्रशिक्षणात तो शिकवतात. तेव्हा शेवटच्या टप्प्यात खूप उंच वाटतंय म्हणजे बहुतेक बरोबर आहे असं समजा आणि पट्टीच्या सुरुवातीच्या टोकावरून नजर हलवू नका, ते टोक काचेत वर सरकायला लागलं तर तुम्ही खाली चाललाय.

दुसरं म्हणजे हवा. विमानतळ समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटरवर, म्हणजे ९,३३४ फूट. तिथे तापमान १५ अंश असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितकी विरळ त्या हिशोबाची उंची) साडेअकरा हजार फुटांच्या आसपास जाते. वेगाच्या घड्याळात ७५ नॉट दिसत असताना खरा वेग ८९ च्या घरात असतो, थांबवायची ऊर्जा खाली समुद्राकाठी लागली असती त्याच्या जवळपास १.४ पट. म्हणून सगळं भराभर अंगावर येतं. घाबरून घड्याळातला वेग कमी करू नका, विमानाच्या पंखांना घड्याळातलाच वेग कळतो.

तिसरं, टेकायच्या क्षणी नाक तीन अंश खाली जाणाऱ्या वाटेवरून पावणेसात अंश वर चढणाऱ्या पट्टीला समांतर आणायचंय. एवढं नाक वर ओढलं की वेग झपकन मरतो, म्हणून पॉवर चाकं टेकेपर्यंत सोडायची नाही. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) ट्विन ऑटरला पूर्ण ३७.५ अंश. टेकल्यावर सवयीने रिव्हर्स (इंजिनांचा उलटा जोर) जोरात मारता, तिथेच अर्ध्या चढावर थांबता. चढच ब्रेक लावतोय तुमच्यासाठी! उलट पॉवर थोडी वाढवून वरच्या सपाट जागेवर जा, उजवीकडे अ‍ॅप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) वळा, पार्किंग ब्रेक लावा, मगच इंजिनं कमी करा.

उतरायचं ०६ वर (चढाच्या दिशेने), उडायचं २४ वरून (उताराच्या दिशेने), वारा काही म्हणो. ०६ च्या पुढे सरळ डोंगर आहे, गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) नावाचा प्रकार शेवटच्या टप्प्यात नाही, त्यामुळे दरीत असतानाच ठरवायचं की जमतंय का. लाइव्ह वेदर लावत असाल तर सकाळची वेळ घ्या, दिवस चढला की दरीतला वारा उठतो, खऱ्या लुक्लाला पण उड्डाणं मुख्यतः सकाळीच होतात. नेपाळची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५ तास ४५ मिनिटं पुढे, म्हणजे सकाळी सातला उतरायचं तर सिममध्ये यूटीसी ०१:१५.

प्रश्न: सिमचा अपडेट आला आणि आता लोडिंगलाच बंद पडतो. वीसपंचवीस सीनरी टाकल्यात, कुठली काढू?

उत्तर: सगळ्या. कम्युनिटी फोल्डरचं नाव बदला, त्या जागी रिकामा नवीन बनवा, सिम सुरू होतो का बघा. झाला तर निम्म्या सीनरी परत टाका. परत बंद पडला तर दोषी त्या निम्म्यात आहे, तिचे परत दोन भाग करा. वीसपंचवीसमध्ये चारपाच वेळा सुरू-बंद केलं की नाव हातात येतं, एकेक काढत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. क्रॅशनंतर २०२० स्वतःच सेफ मोड विचारतो, त्यात कम्युनिटीतलं काहीच लोड होत नाही, पण कुठली सीनरी ते त्यातून कळत नाही. पुढच्या अपडेटच्या आधीच फोल्डर रिकामा करून ठेवलात तर ही वेळच येणार नाही.

प्रश्न: २०२० साठी घेतलेल्या डोंगराळ सीनरी २०२४ मध्ये चालतील का?

उत्तर: बऱ्याचशा चालतात, २०२४ च्या कम्युनिटी फोल्डरमध्ये तशाच टाकायच्या. पण २०२४ ची जमीन आणि झाडं वेगळी आहेत, त्यामुळे पट्टीच्या कडेला पायरी, फट किंवा उंच गवत दिसू शकतं. नवीन सीनरीत पहिल्यांदा विमान आणूच नका. ड्रोन कॅमेऱ्याने पट्टीच्या दोन्ही टोकांपाशी जमिनीलगत जाऊन बघा, पायरी असली तर तिथेच असते, आणि बनवणाऱ्याने २०२४ साठी वेगळी फाइल दिली असेल तर ती घ्या.